कट झाले, पण पोचले नाहीत : अडकलेलं पेमेंट कसं सोडवायचं

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. पाटीवर पेमेंट दुरुस्तीबद्दल अक्षरही नाही, तरी रोज तीन-चार जण काउंटरवर फोन सरकवतात आणि म्हणतात, "जरा बघ ना रे, पैसे जातच नाहीयेत." नोटबंदीच्या सुमारास हे सुरू झालं ते आजतागायत. फुकटचं काम आहे खरं, पण आलेला माणूस जाताना आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स तरी काढून जातो, त्यामुळे माझी तक्रार नाही.

बहुतेक जण माझ्याकडे येण्याआधी ॲप काढून पुन्हा टाकून आलेले असतात. म्हणजे जे सगळ्यात शेवटी करायचं, ते सगळ्यात आधी. त्यामुळे साधं दुखणं कसं वाढतं, ते पुढे सिमच्या भागात सांगतो. खालचा क्रम माझ्या रोजच्या तपासणीचाच आहे. आधी फुकटचं आणि अर्ध्या मिनिटाचं, मग थोडं वेळखाऊ, आणि शेवटी बँकेची पायरी.

## लक्षणं

पिन टाकल्या टाकल्या लाल फुली येते आणि खात्यातून काहीच जात नाही. हा सोपा प्रकार, कारण पैसे तुमच्याकडेच आहेत.

चक्र गोल गोल फिरत राहतं आणि शेवटी 'पेंडिंग' किंवा 'प्रोसेसिंग' असं येतं. हा सगळ्यात फसवा.

बँकेचा पैसे कट झाल्याचा एसएमएस येतो, पण समोरचा साउंडबॉक्स गप्प. मागे रांग, दुकानदार तुमच्याकडे बघतोय आणि तुम्ही त्या डबीकडे.

एकाच दुकानात किंवा एकाच माणसाला जात नाही, बाकी सगळीकडे जातं.

फोन नवा घेतला किंवा सिम बदललं, आणि ॲप 'मोबाइल नंबर पडताळत आहे' इथेच अडून बसलंय.

कार्ड दुकानातल्या मशीनवर चालतं पण ऑनलाइन घेत नाही, किंवा नेमकं उलट. याचंच भावंडं म्हणजे दर महिन्याला आपोआप कटणारी वर्गणी अचानक कटेनाशी होणं.

यूपीआयचा एक व्यवहार चार ठिकाणांहून जातो : तुमचा फोन, तुमची बँक, मधलं एनपीसीआयचं (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचं) जंक्शन आणि समोरच्याची बँक. ठाण्याच्या फलाटावर सकाळी उभं राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. कल्याणहून येणारी गाडी दिव्याला उभी आहे, मुंब्र्याला की कळव्याला, हे आपल्याला कोणी सांगत नाही. फक्त "उशिराने धावत आहे" एवढंच ऐकू येतं. ॲपही तसंच गुळमुळीत काहीतरी बोलतं. गाडी नेमकी कुठे उभी आहे, ते आपल्याला शोधायचंय.

## आधी हात आवरा

दिवाळीच्या तोंडावर जांभळी नाक्यावरची गोष्ट. आमच्याच गल्लीतल्या एक काकू पणत्या, रांगोळी, उटणं असं ४६० रुपयांचं सामान घेत होत्या. गर्दी इतकी की नेटवर्कचा जीव गुदमरलेला. साउंडबॉक्स बोलला नाही म्हणून त्यांनी पुन्हा स्कॅन केलं, तरी बोलला नाही म्हणून तिसऱ्यांदा. शेवटी रोख देऊन घरी आल्या. चहा टाकेपर्यंत फोनवर तीन एसएमएस. तिन्ही वेळा पैसे कट झाले होते आणि तिन्ही वेळा दुकानदाराला पोचलेही होते, फक्त उशिरा. दुसऱ्या दिवशी त्या पासबुक भरून घेऊन गेल्या आणि दुकानदार भला म्हणून त्याने सगळे परत केले. प्रत्येक वेळी असा माणूस भेटेलच असं नाही.

तेव्हा 'फेल' आणि 'पेंडिंग' यातला फरक पक्का करून ठेवा. फेल म्हणजे निकाल लागला, आता पुन्हा पाठवायला हरकत नाही. पेंडिंग म्हणजे पेपर अजून तपासायचाय. पेंडिंगवर दुसऱ्यांदा पाठवलंत तर दोन्ही पास होऊ शकतात.

पेंडिंग दिसलं की ॲपमधला व्यवहारांचा इतिहास उघडा, त्या व्यवहारावर बोट ठेवा आणि १२ आकडी संदर्भ क्रमांक शोधा. कुठे त्याला यूटीआर म्हणतात, कुठे यूपीआय संदर्भ क्रमांक. स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे कोणाशीही बोलायची वेळ आली तर हाच क्रमांक चालतो. "काल संध्याकाळी सातच्या सुमाराला, हिरव्या बोर्डाच्या दुकानात" हे बँकेतल्या माणसाच्या काही कामाचं नसतं.

दर दहा सेकंदांनी स्थिती बघत बसण्यातही अर्थ नाही. १ ऑगस्ट २०२५ पासून अडकलेल्या व्यवहाराची विचारणा ॲपला मोजून तीनदाच करता येते, तीही किमान ९० सेकंदांच्या अंतराने. शिल्लक बघण्यालाही एका ॲपमागे दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली आहे. तुम्ही स्क्रीन किती घासता याच्याशी त्या जंक्शनला देणंघेणं नाही.

## संदेश वाचा (खरंच वाचा)

निम्म्या लोकांना विचारलं, "काय लिहून आलं होतं?" तर उत्तर येतं, "काहीतरी एरर." त्या काहीतरीच्या शेपटीला बऱ्याचदा दोन-तीन अक्षरांचा कोड असतो आणि तिथेच उत्तर असतं. माझ्या काउंटरच्या काचेखाली एका चिठ्ठीवर हे लिहून ठेवलंय :

झेड ९ : खात्यात पुरेसे पैसे नाहीत.
झेड एम : पिन चुकला.
झेड ६ : पिन इतक्यांदा चुकला की आता दार बंद.
झेड ८ : एका वेळच्या रकमेची मर्यादा ओलांडली.
झेड ७ : व्यवहारांची संख्या जास्त झाली.
यू ३० : तुमच्या बँकेतून पैसे निघालेच नाहीत.

झेड ९ आला की माणसं माझ्याशी भांडतात. "अरे, पैसे आहेत खात्यात!" असतातही, पण दुसऱ्या खात्यात. ॲपमध्ये दोन बँका जोडलेल्या असतात आणि वर टिकमार्क असतो तो रिकाम्या खात्यावर. किंवा खात्यात तीन हजार असतात, पण त्यातल्या काही रकमेवर बँकेने होल्ड ठेवलेला असतो, म्हणजे ती अडवून ठेवलेली असते. शिल्लक बघताना 'उपलब्ध शिल्लक' बघा, नुसती शिल्लक नको.

## फोन आणि नेटवर्क

फ्लाइट मोड चालू करा, दहा अंक मोजा, बंद करा. फोन टॉवर नव्याने पकडतो आणि निम्मी दुखणी इथेच बरी होतात. वायफायवर असाल तर ते बंद करून मोबाइल डेटावर या. वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं, पण पलीकडे इंटरनेट मेलेलं असू शकतं. मॉलच्या तळघरात पार्किंगचे पैसे भरताना अडलात तर वर या, भरा, स्क्रीनशॉट दाखवा.

मग तारीख-वेळ 'स्वयंचलित' आहे का ते बघा. मुलं खेळातल्या चाली मारायला फोनची तारीख पुढे ढकलतात आणि तशीच विसरतात. बँकेचा सर्व्हर प्रत्येक मागणीवरची वेळ तपासतो. ती जुळली नाही की मागणी शिळी समजून फेकून देतो. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. फोनची स्क्रीन लांबून दाखवणारं ॲप किंवा डेव्हलपर सेटिंग चालू असेल तरी बँकांची बरीच ॲप्स पुढे जात नाहीत. ते तुमच्याच रक्षणासाठी आहे, त्यावर चिडू नका.

नेटवर्क नेहमीच रडतं अशा ठिकाणी तुमचा रोजचा वावर असेल, तर यूपीआय लाइट चालू करून ठेवा. त्यात ५,००० रुपयांपर्यंत साठा ठेवता येतो आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता जातात. हे पैसे आधीच बाजूला काढलेले असल्याने प्रत्येक वडापावला बँकेचा सर्व्हर उठवावा लागत नाही. इंटरनेटच नसेल तर *९९# हा जुना मार्ग अजून चालतो, ५,००० रुपयांपर्यंत. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतो.

## एक रुपयाची चाचणी

आता एक रुपया खर्च करा. घरातल्या कोणालातरी, वेगळ्या बँकेच्या खात्यात, एक रुपया पाठवा. गेला तर तुमचा फोन, तुमची बँक आणि मधलं जंक्शन तिन्ही ठीक, अडचण समोरच्याकडे आहे. मग त्या दुकानदाराला दुसरा क्यूआर मागा. बऱ्याच टपऱ्यांवर दोन-तीन लावलेले असतातच, आणि ते उगाच लावलेले नसतात.

एक रुपयाही गेला नाही तर उलटसुलट करून बघा. तेच खातं दुसऱ्या ॲपवरून, मग त्याच ॲपवरून दुसरं खातं. खातं दुसऱ्या ॲपवर चाललं तर दोष पहिल्या ॲपचा. दोन्हीकडे नाही चाललं, पण दुसरं खातं चाललं, तर बँकेचा सर्व्हर झोपलाय. ही अदलाबदल मी सगळ्यात जास्त वापरतो, कारण दोन मिनिटांत अर्धा रस्ता नकाशावरून पुसला जातो.

काहीच नाही चाललं तर शेजाऱ्याला विचारा. २६ मार्च २०२५ ला संध्याकाळी आणि मग १२ एप्रिलला यूपीआयच देशभर अडलं होतं. त्या शनिवारी माझ्याकडे लोक रांगेने येत होते आणि मी सगळ्यांना एकच सांगत होतो, "काका, तुमचा फोन ठणठणीत आहे, घरी जा." अशा वेळी ॲपशी खेळू नये, बसून राहावं. मध्यरात्रीनंतर बँकांची देखभाल चालते आणि ३१ मार्च-१ एप्रिलला वर्षअखेरीची गडबड असते, हेही ध्यानात ठेवा.

## मर्यादा

सर्वसाधारणपणे यूपीआयवर दिवसाला १ लाख रुपये जातात. काही बँका स्वतःहून त्याहून कमी ठेवतात, त्यामुळे शेजाऱ्याचे ८० हजार गेले म्हणून तुमचे जातील असं नाही. नवीन नोंदणीनंतर किंवा फोन बदलल्यावर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांचीच मुभा असते. चोराने तुमचं सिम मिळवून नवीन फोनवर ॲप चालू केलं तर त्याला एका दमात खातं रिकामं करता येऊ नये, म्हणून ही अडसर. पण नवा फोन घेऊन त्याच दिवशी फ्रिजचे पैसे द्यायला जाणारा माणूस हमखास माझ्या दुकानात येतो.

जून महिन्यात शाळेच्या फीचा गोंधळ ठरलेला. शिक्षणसंस्था आणि रुग्णालयं यांच्यासाठी मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवलेली आहे, हे पेपरात वाचून लोक येतात आणि दीड लाखाची फी अडली म्हणून वैतागतात. वाढीव मर्यादा त्या संस्थेची त्या प्रकारात रीतसर नोंद असेल तरच लागू होते. क्लासवाल्या सरांचा स्वतःचा क्यूआर असेल तर तुमच्यासाठी ते फक्त एक माणूस आहेत, आणि माणसाला १ लाखच.

## सिम : इथे सगळ्यात जास्त वेळ जातो

पाचपाखाडीतले एक निवृत्त काका. मुलीने वाढदिवसाला नवा फोन दिला. बँकेत जोडलेला नंबर जुना, तो दुसऱ्या खाचेत. पहिल्या खाचेत मुलीने स्वस्तात घेतलेलं नवं सिम, इंटरनेटसाठी. ॲप नंबर पडताळायचं आणि दर वेळी फेल. काकांनी ॲप पाच वेळा काढून टाकलं होतं. "बँकवाल्यांनी माझं खातं बंद केलं बहुतेक," म्हणाले, आणि आवाजात खरंच भीती होती.

नोंदणीच्या वेळी काय होतं ते समजलं की हे कोडं सुटतं. ॲप तुमच्या नकळत तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं. तो ज्या नंबरवरून येतो तोच नंबर बँकेत असेल तर हा फोन आणि हा माणूस एकच, असं ठरतं. म्हणून तीन गोष्टी लागतात. बँकेतला नंबर याच फोनमध्ये हवा. ॲपने विचारल्यावर नेमकं तेच सिम निवडायला हवं. आणि त्या सिमवरून एसएमएस बाहेर जायला हवा.

तिसरीतच काकांची गाडी अडली होती. बँकेच्या नंबरचं रिचार्ज संपून बरेच दिवस झाले होते. कॉल येत होते, ओटीपीही येत होते, त्यामुळे नंबर चालू आहे असंच त्यांना वाटत होतं. पण बाहेर जाणारी सेवा बंद होती. मी त्यांना दुसऱ्या नंबरवर साधा एसएमएस पाठवायला सांगितला. तो गेलाच नाही. किमान वैधतेचं रिचार्ज मारलं, सिम २ निवडलं, पंधरा सेकंदांत पडताळणी झाली. नुसता डेटाचा पॅक मारून भागत नाही, त्यात एसएमएस नसतात.

तेव्हा नंबर पडताळणीवर अडलात तर हाताने एक एसएमएस पाठवून बघा. गेला नाही तर ॲपला दोष देऊ नका. गेला, तर ॲपला एसएमएसची परवानगी आहे का बघा. तेही ठीक असेल तर बँकेत कोणता नंबर नोंदवलाय ते पासबुकावर किंवा एटीएमवर तपासा. वर्षानुवर्षं बंद असलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि १ एप्रिल २०२५ पासून असे नंबर यूपीआयमधून काढत राहण्याचं काम बँकांना लावून दिलंय. जुना नंबर बँकेत तसाच असेल तर आज नाही उद्या हे दुखणं येणारच.

आता ॲप उडवण्याबद्दल. ॲप काढलंत की ही सगळी नोंदणी पुसली जाते, पुन्हा एसएमएस, पुन्हा पडताळणी, आणि वर ५,००० रुपयांचे २४ तास. ज्याचं दुखणं फक्त वायफायचं होतं, त्याने ॲप उडवून सिमचंही ओढवून घेतलं असं होतं. आधी ॲप बंद करून उघडा. मग फोन बंद करून चालू करा. मग प्ले स्टोअरवरून अपडेट. मग सेटिंगमध्ये जाऊन फक्त कॅशे पुसा. त्याच्याच खाली 'डेटा पुसा' असतं, त्याला हात लावू नका. हे सगळं हरलं तरच ॲप काढा, आणि त्याआधी यूपीआय लाइटमध्ये पैसे असतील तर ते खात्यात परत घ्या.

## पिन

एटीएमचा पिन वेगळा, यूपीआयचा वेगळा, फोन उघडायचा वेगळा. ज्येष्ठ मंडळी यातला कोणताही कुठेही टाकतात आणि तीनदा चुकला की बहुतेक बँका २४ तास दार लावतात. त्या २४ तासांत खटपट करू नका. नवीन पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते, किंवा आधारचा ओटीपी. कार्डाची मुदत संपली असेल आणि आधारला वेगळा नंबर जोडलेला असेल, तर फोनवर काही होणार नाही. शाखेत जा.

## कार्डाचं गणित वेगळं

दुकानातल्या मशीनने कार्ड नाकारलं तर आधी चिप कोरड्या फडक्याने पुसा आणि टॅप करण्याऐवजी आत घाला. टॅपने पिनशिवाय ५,००० रुपयांपर्यंतच जातात. चिठ्ठीवर छापून आलेला आकडाही बघा. ५१ म्हणजे पैसे कमी, ५४ म्हणजे मुदत संपली, ५५ पिन चुकला, ६१ मर्यादा ओलांडली, ९१ बँकेशी संपर्क नाही. ०५ आला तर बँक नकार देतेय पण कारण सांगत नाहीये. तिथे फोन बँकेलाच लावावा लागतो.

मशीनवर चालतं आणि ऑनलाइन चालत नाही, याचं कारण दहापैकी आठ वेळा एक बटण असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या आदेशानुसार नवं कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि मशीनवर चालतं. ऑनलाइन, टॅप आणि परदेशी व्यवहार बंद असतात, आपण चालू करायचे. बँकेच्या ॲपमध्ये 'कार्ड नियंत्रण' किंवा तशाच नावाखाली ही बटणं आणि त्यांच्या मर्यादा सापडतात. मर्यादा शून्यावर ठेवून बटण मात्र चालू, असंही मी पाहिलंय.

कार्ड बदलून आलं की साठवलेली वर्गणी तुटते. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार आणि ॲप्स तुमच्या कार्डाचा नंबर ठेवूच शकत नाहीत, त्याऐवजी एक टोकन, म्हणजे नंबराच्या जागी चालणारा कोड, ठेवतात. जुन्या कार्डाचं टोकन नव्या कार्डाला चालेलच असं नाही, तेव्हा कार्ड नव्याने जोडा. आपोआप कटणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी येते. सर्वसाधारण वर्गणीत रक्कम १५,००० च्या वर असेल तर दर वेळी ओटीपी द्यावा लागतो, तो दिला नाही की पैसे कटत नाहीत. यूपीआयवरचं ऑटोपे असेल तर ते आता गर्दीच्या वेळा, म्हणजे सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ, सोडून चालतं. पगार दुपारी जमा होणार म्हणून थांबलात तर भल्या पहाटे कटायला आलेला हप्ता परत जातो. आदल्या रात्रीच पैसे ठेवा.

क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायचं तर ते रूपेचं लागतं. तेही व्यापाऱ्याच्या क्यूआरवरच चालतं, भाच्याला वाढदिवसाचे पाचशे पाठवायला नाही.

## पैसे कट झाले, आता?

थांबायचं, पण किती ते ठरलेलं आहे. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक त्यासाठी आहे. माणसाच्या खात्यात पाठवलेले पैसे कट होऊन पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले कट झाले आणि त्याला पावती मिळाली नाही, तर पाच दिवस. मशीनवर कार्ड घासलं, पैसे गेले आणि चिठ्ठी निघाली नाही, तरी पाच दिवस. त्यापुढे उशीर झाला की दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न बघता.

माझे स्वतःचे कागदवाल्याला दिलेले २,३०० रुपये एकदा असे लटकले. बँकेचं नाव घेत नाही. पाच दिवस गेले, सहावा गेला. ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार टाकली, क्रमांक मिळाला. मग शाखेत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "ॲपवाल्यांना विचारा." मी १२ आकडी क्रमांक, तक्रार क्रमांक आणि स्टेटमेंटची झेरॉक्स (घरचीच) समोर ठेवली आणि लेखी अर्जाची पोच मागितली. पोच म्हटल्यावर बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघायला घेतलं. नवव्या दिवशी पैसे आले. भरपाई आपणहून आली नाही. दुसरा अर्ज दिल्यावर ४०० रुपये जमा झाले.

तक्रार आधी ॲपमध्ये, मग तुमच्या बँकेत. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दुकानदाराशी मात्र त्या पाच दिवसांत भांडू नका, त्याच्याकडे पैसे आलेलेच नसतात.

## इथे हात टेकायचे

खातं गोठवलंय, केवायसी शिल्लक आहे, किंवा दोन वर्षं व्यवहार न केल्यामुळे ते निष्क्रिय झालंय, अशी कारणं फोनवर सुटत नाहीत. संयुक्त खातं दोघांच्या सहीनेच चालणारं असेल तर त्यावर यूपीआय सहसा मिळतच नाही. कितीही ॲप्स बदला. कुठल्या तरी पोलिस ठाण्याच्या पत्रावरून खात्यावर होल्ड आला असेल तर मलाही विचारू नका, थेट शाखा व्यवस्थापकाला भेटा आणि पत्राचा क्रमांक लिहून घ्या.

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला, किंवा सिमचं नेटवर्क अचानक गायब होऊन फोन मुका झाला, तर वरची एकही तपासणी करायची नाही. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि कार्ड बंद करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा, आणि हे सगळं त्याच तासात. दोष तुमचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याचाच असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलेल्या ग्राहकावर बोजा पडत नाही. तुम्हीच पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

आणि पेमेंट अडलं म्हणून गूगलवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. माझ्या गिऱ्हाइकांपैकी दोघांची चारशे-पाचशेची अडचण अशीच पन्नास हजारांवर गेली. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा ॲपच्या आतला. पैसे परत मिळवायला पिन कधीच लागत नाही. कोणी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवून द्या. माणसाने माणसाला पैशांची मागणी पाठवायची सोयही ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, तेव्हा "रिफंडची रिक्वेस्ट पाठवलीय, स्वीकारा" असं म्हणणारा खोटं बोलतोय.

शाखेत जाताना पासबुक भरून न्या, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स न्या, बँकेतला नंबर ज्यात आहे तो फोन चार्ज करून न्या. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घेऊन घरी आणा. आणि जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर पोचू नका.